राखणीच्या कोपऱ्यातले बुंधे

८ जानेवारी १९५९

घरधनी परवा मुंबईला परत गेले. जाताना ही डायरी ठेवून गेले. त्यांच्या छापखान्यात बांधताना एक पान उलटं लागलं म्हणून बाद झालेली. म्हणाले, "चौथी शिकलीस ती काय चुलीत घालायला? लिही काहीतरी." काय लिहू? भाकऱ्या थापल्या, म्हशीला पाणी दाखवलं, झालं. मास्तरांनी 'नाही' लिहायला शिकवलं म्हणून 'नाही' लिहिते, तोंडात 'नाय' असलं तरी.

आमची वाडी कापड्याच्या वर, डोंगरात. घरं दहा-बारा. माझं घर टेपावर, उंचवट्याला. खाली ओढ्याच्या अंगाला माझी थोरली जाऊ, राहीबाय. दीर वारले, तिला एकच लेक, रखमा. आमच्या घरात मूल नाही, त्यामुळे रखमा दोन्ही घरची. खाली जेवते आणि वर येऊन पुन्हा जेवते. परकर मात्र माझ्याच घरी फाडते.

२ फेब्रुवारी

आज मनातलं लिहिते. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा ओढ्याकाठचं भाताचं खाचर थोरल्याला दिलं आणि आम्हांला डोंगराची उतरण. का, तर धाकट्याला मुंबईची नोकरी आहे, त्याला भात कशाला! उतरण म्हणजे जावेच्या घराच्या आणि खाचराच्या बरोबर डोक्यावरचं रान. ऐन, किंजळ, जांभूळ, बोंडारा, खाली करवंदीच्या जाळ्या. माती म्हणायची म्हणून माती. तांबडी, पण खडी आणि गोटेच जास्त. मूठ आवळली तर गोळा होत नाही, बोटांतून गळून जाते. हंडाभर पाणी ओतलं तर कुठे ओतलं ते सापडत नाही. आणि चढ असा की वरून शेणाची पाटी सुटली तर ती जावेच्या अंगणातच थांबेल.

"तुम्हांला माती, आमाला गोटे," हे मी जावेला तोंडावर किती वेळा ऐकवलंय! ती कधी उत्तर देत नाही. त्याचाच मला जास्त राग येतो.

महाडला बहिणीकडे गेले होते. तिच्या दिराने माळावर काजू लावलेत. सरळ रांगा, मध्ये एक काडी नाही. बघून डोळे निवले. आपल्या गोट्यांतही काजू होईल की! मी ठरवलंय.

१९ फेब्रुवारी

झाडं तुटायला लागली. चांगू मुकादम कोळशाच्या भट्ट्या लावतो, त्याने माझी उतरण तोडायला घेतली. वाडीतल्या म्हाताऱ्या बघत उभ्या होत्या. मला बरं वाटलं, खोटं का बोलू.

आमच्याकडे डोंगर तोडायची रीत आहे. झाड गुडघाभर ठेवून तोडायचं. बुंधा आणि मुळं जमिनीत राहू द्यायची. दोन-चार साल नाचणी घ्यायची, मग रान त्याच बुंध्यांतून परत फुटतं. सासूबाई म्हणायच्या, "वरचं आपलं, खालचं डोंगराचं." पण चांगू म्हणाला, बुंध्याचा कोळसा वजनदार, तो खणून नेईल आणि मला जमीन आरशासारखी साफ मिळेल. बुंधे राहिले तर काजूच्या रांगा सरळ कशा येणार? मी हो म्हटलं.

संध्याकाळी राहीबाय चढून वर आली. धाप लागली होती. म्हणाली, "तुळसे, झाडं तुझी, तोड. पण बुंधे राहू दे गो. ही माती मुळांनी धरलेली हाय."

मी म्हटलं, "बाय, तुमच्या वाट्याला मी कधी हात लावला नाय. माझ्या वाट्याला तुम्ही लावू नका."

ती आली तशी उतरून गेली. बोलले ते बरोबरच बोलले. धाकटीचं बरं होतंय म्हटल्यावर पोटात दुखणारच.

६ मार्च

काय एकेक नाटकं! वाडीच्या राखणदाराला दर साल एका घराने नारळ-कोंबडा द्यायचा असतो. त्याला राखण म्हणतात. पाळी लागते, यंदाची जावेची. देवाची जागा ओढ्याजवळचा उभा धोंडा, आजे-पणजे तिथेच देत आले. आणि जाऊबाई आज सांगतात, "देव सपनात आला. म्हणाला, धोंड्याशी नको, मला ऐनापाशी बसव."

कुठला ऐन? माझ्या उतरणीच्या कोपऱ्यातला, तोडून ठेवलेला, तिच्या घराच्या नेमका डोक्यावरचा! गेली, बुंध्याला शेंदूर फासला, नारळ फोडला, आजूबाजूच्या सगळ्या बुंध्यांना सूत गुंडाळलं. चांगूचे मजूर आता त्या कोपऱ्यात पहार लावायला तयार नाहीत. महिपतीतात्या आमचे गावकर, वाडीचे म्होरके, ते जरा कुरकुरले. "देवाची जागा हलवायची म्हंजे काय? पण सपानच पडलंय म्हटल्यावर..."

मी तरी काय बोलणार. माणसाशी भांडता येतं. कोपरा गेला तो गेलाच. पण मी म्हणते, एवढ्या मोठ्या डोंगरात देवाला माझीच जागा बरी सापडली!

११ मे

घरधनी रजेवर आलेत. त्यांना उतरण दाखवली. म्हणाले, "वा, चकाचक केलंस." चकाचक म्हणजे जिथे बुंधा होता तिथे माणूस बसेल एवढा खड्डा. कोपरा तेवढा सुतात गुंडाळलेला.

एका खड्ड्यात उतरून पाहिलं. वर टीचभर काळसर माती, पाल्याची. मग तांबडी खडी आणि गोटे. मग पिवळा मुरूम, पायाने चुरा होणारा. आणि तळाला काळा कातळ, घसरगुंडीसारखा उतरता. कातळाच्या फटीत मुळाचं तुटलेलं टोक अडकून राहिलं होतं. ओढून पाहिलं, निघालं नाही.

घरधन्यांना म्हटलं, खड्डे बरेच झाले, पाणी साठेल, काजूला उपयोग. ते हो म्हणाले. ते छापखान्यातले, त्यांना काय कळतंय. पण मला कळायला हवं होतं का, असं उगाच मनात येऊन गेलं. मग आंबे उतरवायला गेले.

२२ जून

काजूचं बी घातलं. चिखलात कंबर मोडली, पण रांगा सरळ आल्या.

रखमा एक गोटा परकरात घालून वर आली. "काकी, तुझा दगड आमच्या अंगणात आला." मी हसले. दुपारी दुसरा घेऊन आली. मग म्हणाली, "आता नाय आणत, लय हाईत."

१६ जुलै

वाडीतल्या लावण्या संपल्या. आज उतरणीवर गेले. काजू वीतभर वर आलेत, कोवळी तांबूस पानं. डोळे भरून बघत होते. मग वरच्या अंगाला गेले, जिथे माझं संपून पुढचं रान लागतं. तिथे जमिनीला आडवी भेग. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

काल खड्डे तुडुंब होते. आज रिकामे. पाणी गेलं कुठे? खाली वाकून पाहिलं तर जावेच्या परड्यात नवा झरा फुटलेला, तांबडालाल. ती तिथे हंडा घेऊन नुसती उभी होती.

मी भेगेत फांद्या कोंबल्या, वर माती ओढली, पायाने दाबली. कुणाला दिसणार नाही अशी केली. तेवढं करून हात धुतले.

जाऊन सांगावं? काय सांगू? बाय, तुमचं खरं होतं? जीभ रेटत नाही. आणि कदाचित काही होणारही नाही. डोंगर काय आजचा आहे?

१८ जुलै

रखमाला म्हटलं, माझ्याकडे झोपायला येत जा, पावसाची एकटीला भीती वाटते. ती खिदळली. "काकी, तू नि भीती? तुला बघून वाघ पळेल." पण आली. तिची आई गोधडी देताना माझ्याकडे बघत राहिली.

मी तिला ये म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

२ ऑगस्ट

आठवडा झाला, उघडीप नाही. भेगेकडे गेलेच नाही. बघितलं नाही तर नसते, असं मांजरासारखं चाललंय माझं.

६ ऑगस्ट

माझी उतरण आली खाली.

दुपारी भाकरी करत होते. आधी कडकड, मग जमिनीतून घुर्र. बाहेर आले तर काजूच्या रांगा उभ्या-उभ्या चालू लागलेल्या. खरंच सांगते, क्षणभर नीट रांगेतच चालल्या. मग सगळंच मोडलं. गोटे, खडी, लाल चिखल खाचरावर. हिरवंगार लावलेलं भात, होतं की नव्हतं झालं. गोठ्याची भिंत बसली. राहीबाय गोठ्यात होती. तिचा पाय चौकटीखाली अडकला.

वाडीतल्या सोनबाने आणि आणखी दोघांनी तिला बाहेर काढलं. रखमा माझ्या कमरेला मिठी मारून किंचाळत होती. घर वाचलं. दरड घराच्या वरच दुभंगली आणि दोन्ही बाजूंनी निघून गेली. का दुभंगली ते बघायचं भान कुणाला होतं.

आई गं, मला सगळं ठाऊक होतं.

९ ऑगस्ट

राहीबायला माझ्या घरी आणलंय. पायाला हळद-चुना बांधला. वैदू म्हणतो, चालेल, पण लंगडेल. मी तिला भरवते, ती भरवून घेते. "तुळसे, मीठ जरा कमी हाय," एवढंच म्हणाली. शिव्या का घालत नाही ही बाई? दोन मुस्काटात मारल्या असत्या तरी मी गप्प बसले असते.

१५ ऑगस्ट

कापड्याच्या शाळेत झेंडा, आणि इथे देवळापुढे गावकी बसली. रीतीने खरं तर सावड व्हायला हवी होती. कुणाच्या शेतावर घाला आला तर घरटी एक माणूस येऊन काम उरकतं, तीच सावड. पण महिपतीतात्या म्हणाले, "राहीबायनं देवाची जागा हलवली. पिढ्यान्‌पिढ्या धोंड्याशी राखण, हिला सपनं पडली. देव कोपला. आता तो धोंडा दरडीखाली गाडला गेलाय. तो तिनं उकरून काढावा, तिथं राखण द्यावी. तोवर सावड नाय."

लंगडी बाई त्या ढिगाखालून धोंडा काढणार! माना मात्र सगळ्यांच्या हलल्या. राहीबायला उचलून आणलं होतं, ती भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर नीट केला, बास. आणि मी? मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडत असल्यासारखी खाली बघत होते.

खरं म्हणजे मला हलकं वाटलं. माझं नाव कुणी घेतलं नाही म्हणून. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

२१ ऑगस्ट

आज ऊन पडलं. जीव धरून उतरणीवर गेले. सगळं सोललंय, कातळ उघडा पडलाय, पाणी त्यावरून चकाकत वाहतंय. फक्त एक कोपरा जागेवर आहे. शेंदराचा ऐन, आणि सुतातले बाकीचे बुंधे. त्यांची मुळं बाजूने उघडी पडली आहेत आणि एकेका मुळाच्या मिठीत चार-चार गोटे. एकही सुटलेला नाही. दरड तिथेच अडून दुभंगली. त्याच्या बरोबर खाली राहीबायचं घर.

हिला स्वप्न पडलंच नव्हतं. माझ्या हातापाया पडून उपयोग नाही हे तिला कळलं होतं, म्हणून तिने देवाला पुढे केलं. मी जावेचं ऐकणार नाही, पण देवाच्या बुंध्याला हात लावणार नाही, एवढं तिने मला ओळखलं होतं. आणि ज्या युक्तीने लेकीचं छप्पर राखलं, तीच आता तिच्या गळ्यात गुन्हा म्हणून अडकवलीय. खरं सांगितलं तर देवाच्या नावाने खोटं बोलली म्हणून आणखी वर ठपका. म्हणून गप्प आहे.

आणि माझ्यावरही काही आणत नाही.

३० ऑगस्ट

आज गावकीत उभी राहिले. बायका बोलत नाहीत तिथे. म्हटलं, "दरड माझ्यामुळं आली. मी बुंधे उपटले. भेग मला दिसली व्हती, मी झाकली. राहीबायचा काय दोष नाय."

मग महिपतीतात्या कळवळून म्हणाले, "पोरी, जावेसाठी किती जीव तुटतोय तुझा! दुसरी असती तर वाटणीचं उट्टं काढलं असतं."

मी ओरडले, "तात्या, खरं सांगते मी!"

"अगो, डोंगर काय मुळांनी बांधलाय? देवानं बांधलाय तो."

सोनबा हसला. हसणारच. चांगूने तात्यांची उतरण ठरवलीय, सोनबाचीही. भात कापून झालं की बुंधे निघणार. माझं खरं मानलं तर त्यांना चांगूला नको म्हणावं लागेल.

परतताना बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. गोदूबाई, तात्यांची बायको, म्हणाली, "जाऊ असावी तर अशी."

१२ सप्टेंबर

राहीबाय काठी टेकत खाली गेली, आपल्या घरी. मी थांबा म्हटलं तर म्हणाली, "धोंडा काढायचा हाय ना." मी रोज जाऊन ढीग उपसते. ती बसून छोटे गोटे वेचते. गोट्यांत काजूची रोपं सापडतात, मान मुरगळलेली.

४ ऑक्टोबर

चांगू पहारी घेऊन तात्यांच्या उतरणीवर फिरून गेला. त्या उतरणीखाली सोनबाचं घर, त्याची तान्ही नात. मी बघत होते.

पाणवठ्यावर गोदूबाई भेटली. मी हंडा खाली ठेवला आणि बोलून टाकलं. "गोदूबाय, कसं सांगू, मला सपान पडलं. घोंगडीवाला म्हातारा, हातात काठी, ऐनाच्या बुंध्यावर बसलेला. म्हणाला, बुंधे हे माझे पाय. तुळसेनं उपटले, मी घसरलो. राहीनं राखले, तिचं घर मी राखलं. आता जो उपटील त्याच्या दारात येऊन पडेन."

गोदूबाईचा हंडा तिथेच राहिला. जेवणं व्हायच्या आत अख्ख्या वाडीला ठाऊक. दिवस मावळायच्या आधी तात्या स्वतः चांगूला सांगून आले की, बुंध्याला हात लावायचा नाही.

हेच मी गावकीत सांगितलं होतं. शब्दसुद्धा जवळपास तेच. देवा, तुझ्या तोंडात मी माझे शब्द घातले. तुझं तू बघ काय शिक्षा करायची ती. मी नाही म्हणणार नाही.

२९ नोव्हेंबर

आज सावड झाली. देवानेच सपनात राहीबायची बाजू घेतली म्हटल्यावर धोंड्याचं नाव कुणी काढलं नाही. घरटी माणूस आलं, टोपल्या, घमेली, कुदळी. निम्मं खाचर मोकळं झालं. निघालेल्या गोट्यांचा उतरणीच्या पायथ्याला बांध रचला. वरच्या कोपऱ्यात ऐनाला धुमारे आलेत. येणारा-जाणारा तिकडे हात जोडतो, आणि मग माझ्या पाया पडतो. तात्या पडले! माझ्या! जिने डोंगर पाडला तिच्या!

दुपारी बाकीचे भाकरी खायला झाडाखाली गेले. राहीबाय आणि मी खाचरात राहिलो. तिने एक गोटा उचलला, उलटा-सुलटा करून बघितला आणि बांधावर ठेवला. म्हणाली, "तू म्हणायचीस ना, गोटे तुला एकटीलाच आले. झाली बरोबर वाटणी."

मला रडू फुटलं. म्हटलं, "बाय, मी वाडीपुढं सगळं कबूल केलं व्हतं. कुणी ऐकलं नाय, त्याला मी काय करू?"

"वाडीला सांगितलंस. मंग देवाच्या नावानं सांगितलंस. मला कुठं सांगितलंस?"

खरंच की. हिला भरवलं, हिचा पाय धुतला, हिचा ढीग उपसला. हिला मात्र एक शब्द सांगितला नव्हता.

मग सांगितलं. बुंधे का उपटले, ते काजूसाठी कमी आणि तुम्ही नको म्हटलं म्हणून जास्त. भेग. फांद्या कोंबल्या ते. रखमाला वर बोलावलं ते. तुम्हांला बोलावलं नाही ते.

ती ऐकत होती, हाताने खडी चाळत होती. मग म्हणाली, "रखमाला तू झोपायला नेलीस ना, तवाच मला कळलं वर कायतरी झालंय. रोज सांजचं दारात उभी राहायची. म्हटलं, आज हाक मारील तुळसा."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. तिने पाय मागे घेतला, लंगडा.

"ते नको. ऊठ. टोपली भरलीय, उचल."

उचलली.